तेल जिरतं कुठं?

अर्धापूरला भावाच्या घरी सकाळी नऊ ते साडेदहा कुणी फोन उचलत नाही. ती वेळ लेकराच्या न्हाण्याची. भाची पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, नांदेडच्या दवाखान्यात मुलगी झाली, आणि तेव्हापासून घरातलं घड्याळ तेलाच्या वाटीवर चालू लागलं. मी हिवाळ्यात आठ दिवसांसाठी म्हणून गेले ते महिनाभर राहिले. बहुतेक प्रत्येक सकाळी न्हाणीच्या दाराशी स्टुलावर बसून मी एकच गोष्ट बघत होते.

मावशी (गल्लीत त्यांना सगळे मावशीच म्हणतात) पाटावर बसतात, पाय लांब करतात, लुगडं गुडघ्यांवर सारतात आणि बाळाला दोन नडग्यांमधल्या खोबणीत निजवतात. करडीच्या तेलाची वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवलेली असते. तेल आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघायचं, मग बाळाच्या छातीवर. तिथून पोट, दंड, मांड्या, पोटऱ्या, तळवे. पालथं घालून पाठ आणि कंबर. शेवटी टाळू. हात जड, पण घाई कुठंच नाही. तोंड मात्र अखंड चालू: शेजारणीच्या सुनेचं काय झालं, केळीला व्यापारी काय भाव देतोय, आणि मधूनच बाळाला, "हां माय, झालं माय, झालं." मग दुधात कालवलेलं डाळीचं पीठ, कोमट पाण्याचे तांबे, आणि जुन्या सुती लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेलं ते गाठोडं आईकडं. बाळ पोटभर पितं आणि अडीच तास गाढ झोपतं.

अडचण रात्री सुरू व्हायची. एक ते चार डोळे टक्क उघडे.

"आत्या, ही दिवसाची झोप रात्रीकडं नाही का सरकवता येत? तुम्ही एवढं वाचता," भाची म्हणाली. तिचे डोळे खोल गेले होते. मावशींना विचारलं तर त्यांनी मान हलवली. "तेल हाडात जिरलं की झोप येती. रातचं तेल जिरत न्हाई."

मराठीत पाणी जमिनीत जिरतं, अन्न अंगात जिरतं, मस्ती जिरते आणि तेलही जिरतं. माझी आजीही हेच म्हणायची, हाडात जिरतं. महिनाभर मी मावशींचे हात बघितले आणि रात्री, बाळ जागं असताना, हे तेल नक्की जिरतं कुठं याचा शोध घेत बसले.

या प्रश्नाचं एक उत्तर पुण्यात निघालेलं आहे. २००५ साली केईएम रुग्णालयातल्या बालरोगतज्ज्ञांनी 'इंडियन पेडियाट्रिक्स' या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. १२० नवजात बाळं घेतली आणि तीन गटांत वाटली. चाळीस बाळांना करडीच्या तेलानं चोळायचं, चाळिसांना खोबरेल, चाळिसांना काहीच नाही. प्रत्येक गटात पूर्ण दिवसांची बाळं होती आणि अपुऱ्या दिवसांचीही. एका वेळी पाच मिलिलिटर, म्हणजे चहाचा चमचाभर तेल. दिवसातून चार वेळा, पाच दिवस. आधी आणि नंतर रक्त तपासलं. रक्तातली चरबी तिन्ही गटांत वाढली होती, कारण बाळं दूध पीत होती. पण तेलाच्या दोन्ही गटांत ती जास्त वाढली. आणि खरी गंमत पुढं आहे. करडीवाल्या बाळांच्या रक्तात शरीराला स्वतः बनवता न येणारी, बाहेरूनच मिळावी लागणारी स्निग्धाम्लं वाढली, आणि खोबरेलवाल्यांच्या रक्तात खोबरेलात असतात तसली संपृक्त. ज्या तेलानं चोळलं त्याची खूण रक्तात उमटली.

म्हणजे तेल जिरतं. हाडात नाही, रक्तात, आणि तेही थोडं. आजी असती तर "मी काय वेगळं म्हणत होते?" असं म्हणाली असती, आणि तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसता.

पुण्याच्या डॉक्टरांनी करडी निवडली हे मला मराठवाड्याची म्हणून विशेष वाटलं. करडई आमचं रब्बीचं पीक. काटेरी, खोल मुळाचं, पाऊस गेल्यावरही जमिनीतल्या ओलीवर तगणारं. परभणीच्या कृषी विद्यापीठानं तिचे 'शारदा', 'परभणी कुसुम' असे वाण काढले. आमच्या लहानपणी ज्वारीच्या शेतात करडईच्या ओळी असायच्या आणि काढणीला गेलेल्या बायकांच्या हातांवर ओरखडे. मग सोयाबीन आलं, हरभरा वाढला, काट्यांत हात घालायला मजूर मिळेना. आज नांदेडहून वारंगा फाट्याकडं जाताना अर्धापूर लागतं ते केळीच्या बागांतून. हळद, ऊस, केळी. करडई शोधावी लागते. भाऊ तेल आणतो ते लाकडी घाण्यावरून, आणि तिथंही आधी सांगून ठेवावं लागतं. या तेलात जवळजवळ तीन चतुर्थांश लिनोलिक आम्ल असतं. कातडीचा बाहेरचा पापुद्रा घट्ट राखायला हेच आम्ल लागतं.

हाच विचार धरून ढाक्याच्या शिशू रुग्णालयात, तेहेतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांच्या अंगाला सूर्यफुलाचं तेल लावून पाहिलं होतं. या बाळांची कातडी ओल्या कागदासारखी असते, जंतू तिच्यातून आत शिरतात. तेल लावलेल्या बाळांत रुग्णालयात होणारा जंतुसंसर्ग ४१ टक्क्यांनी कमी आढळला. हेही २००५ चंच. पण इथून उडी मारून 'प्रत्येक बाळाला तेल हवंच' असं म्हणायला जावं तर मँचेस्टर आडवं येतं. तिथं २०१५ साली पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळांना महिनाभर ऑलिव्ह किंवा सूर्यफुलाचं तेल लावलं, तर वरच्या थरातल्या स्निग्ध पदार्थांची मांडणी तेल न लावलेल्या बाळांइतकी नीट बसलेली दिसेना. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ च्या बाळंतपणानंतरच्या काळजीच्या शिफारशींत म्हणूनच दोन गोष्टी वेगळ्या केल्या. निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळाला हलक्या हातानं अंगभर मालिश करायला हरकत नाही, वाढीला फायदा होण्याची शक्यता आहे. कातडीचे विकार टळावेत म्हणून सरसकट तेल-मलम फासण्याची शिफारस मात्र नाही.

आमच्याकडं मात्र हात आणि तेल कधी वेगळे झालेच नाहीत. क्रियापदच एक आहे, माखणे.

मुंबईच्या सायन रुग्णालयातही २००५ मध्येच एक चाचणी छापून आली. त्यांनी खोबरेल आणि खनिज तेल समोरासमोर ठेवलं, तिसऱ्या गटाला पावडर. दुकानात चकचकीत बाटलीतून मिळणारं पारदर्शक 'बेबी ऑइल' बहुतेक वेळा खनिज तेलच असतं, त्यामुळं ही तुलना घरोघरच्या फळीवरची होती. रुग्णालयात प्रशिक्षित माणसानं आणि घरी गेल्यावर आईनं, दिवसातून चार वेळा, बाळ एकतीस दिवसांचं होईपर्यंत चोळायचं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं वजन खोबरेलानं खनिज तेलापेक्षाही आणि पावडरीपेक्षाही वेगानं वाढलं. पण त्या डॉक्टरांनी बाळांचं वागणंही तपासलं होतं. आवाजाला, स्पर्शाला, प्रकाशाला बाळ कसा प्रतिसाद देतं, अशी मज्जासंस्थेची परीक्षा. त्यात तिन्ही गटांत फरक सापडला नाही. मालिशवर लिहिणारे लोक वजनाचा निकाल सांगतात आणि हा वगळतात.

झोपेबद्दल आपल्याकडचा जुना पुरावा दिल्लीचा आहे. २००० साली छापलेल्या त्या अभ्यासात सहा आठवड्यांची १२५ बाळं होती. तीळ, मोहरी, वनौषधींचं तेल, खनिज तेल, आणि एका गटाला मालिशच नाही. चार आठवड्यांनी तिळाच्या तेलाचा गट वाढीत पुढं होता, मांडीतल्या धमनीतला रक्तप्रवाहही वाढला होता, आणि मालिशनंतरची झोपही. मावशींची अडीच तासांची गाढ झोप ती हीच. मात्र ही मालिशनंतरची झोप. मालिश सकाळी, तर झोप सकाळी. भाचीच्या रात्रीचं काय?

नवजात बाळ दिवसाला सोळा-सतरा तास झोपतं, पण तुकड्यातुकड्यांनी. त्यातली जवळजवळ अर्धी झोप चुळबुळीची. डोळे पापण्यांखाली फिरतात, ओठ हलतात, हसू येतं. आपल्याकडं म्हणतात सटवाई हसवते. मेंदूच्या जोडण्या पक्क्या होण्याशी या झोपेचा जवळचा संबंध मानतात, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांत तिचा वाटा आणखी मोठा. रात्र आणि दिवस हा भेद मात्र त्याला ठाऊक नसतो. पोटात असताना आईच्या रक्तातून येणारं मेलाटोनिन त्याला अंधार झाल्याचं सांगत होतं. नाळ तुटली आणि घड्याळ बंद पडलं. स्वतःचं घड्याळ लागायला दोन-तीन महिने जातात.

हे घड्याळ हातानं लावता येतं का, हे इस्रायलमध्ये बघितलं गेलं. २००२ चा अभ्यास, दोन्ही गट मिळून अवघी वीसेक बाळं. बाळ दहा दिवसांचं झालं की आईनं चौदा रात्री, निजायच्या वेळी, अर्धा तास मालिश करायचं. बस, एवढंच. पुढं आठव्या आठवड्यात दोन्ही गटांची हालचाल मोजली. मालिश न झालेली बाळं मध्यरात्रीच्या सुमाराला सर्वांत जागी असायची. मालिश झालेल्यांची जागी होण्याची वेळ पहाटे तीन ते सातवर सरकली होती. बाराव्या आठवड्यात लघवीतून मेलाटोनिनचा अंश मोजला, तो रात्री मालिशवाल्या बाळांत दीडपटीहून जास्त निघाला.

मी हे भाचीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे बंद नाही होणार, फक्त मध्यरात्रीचं पहाटे होणार." वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "होऊ दे की. पहाटे मी उठलेलीच असते."

अभ्यास छोटा आहे आणि वीस बाळांवरून पंचांग मांडू नये, हे मी तिला सांगितलं. झोपेवरचे मोठे अभ्यास आहेतही. अमेरिकेत २००९ मध्ये चारशेच्या वर मायलेकरांवर आंघोळ, मालिश आणि शांतता असा रोजचा ठरावीक क्रम दोन आठवडे करून पाहिला. मुलं लवकर झोपली, रात्री कमी उठली, आयांची मनं थाऱ्यावर आली. पण त्या कामामागं जॉन्सन अँड जॉन्सनचा पैसा होता. निकाल खोटा आहे असं म्हणत नाही. आंघोळीचं सामान विकणाऱ्या कंपनीनं आंघोळीच्या बाजूचा निकाल दिला तर आमच्या गल्लीतसुद्धा लोक एक भुवई वर करतील, इतकंच.

मेंदूकडं यायचं तर आधी उंदरांकडं जावं लागतं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात सॉल शॅनबर्ग उंदरांच्या पिलांवर काम करत होते. पिलांना आईपासून दूर केलं की वाढीचे पदार्थ झपाट्यानं घटायचे. दूध देऊन भागेना, ऊब देऊन भागेना. मग ओल्या ब्रशनं, आई चाटते तशा लयीत, पिलांच्या अंगावरून फिरवलं, आणि वाढ पुन्हा सुरू झाली. शॅनबर्ग आणि मायामीच्या टिफनी फील्ड यांनी मिळून १९८६ मध्ये हाच प्रश्न माणसाच्या पिलांना विचारला. अपुऱ्या दिवसांची चाळीस बाळं. काचेच्या पेटीतच, हात घालून, दिवसातून तीनदा पंधरा मिनिटं चोळणं आणि हातपाय हलवणं, दहा दिवस. दूध दोन्ही गटांना सारखंच. मालिश झालेल्या बाळांचं वजन दिवसाला ४७ टक्के जास्त वाढलं आणि ती सरासरी सहा दिवस आधी घरी गेली.

त्या काळात अशा बाळाला शक्यतो हात लावायचा नाही, असा अमेरिकी दवाखान्यांचा नियम होता. स्पर्श म्हणजे त्रास, अशी समजूत. तो नियम या आकड्यानं हलला. पुढं फील्ड यांच्याच गटानं दाबाचा प्रश्न घेतला. हलकासा, गुदगुल्यांसारखा हात फिरवला तर उपयोग होत नाही. कातडी थोडी दबेल असा मध्यम दाब हवा. अशा दाबानं मेंदूतून पोटाकडं जाणाऱ्या वेगस नावाच्या लांब मज्जातंतूचं काम वाढतं, जठर हलू लागतं, खाल्लेलं अंगी लागतं. मावशींचा हात जड का आहे हे मला तेव्हा उमगलं. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "भीत भीत लावलं की लेकराला कळतंय. ते बी भितंय."

थेट मेंदूवरचा पुरावा इटलीतल्या पिसाचा. २००९ मध्ये तिथल्या संशोधकांनी अपुऱ्या दिवसांच्या वीस बाळांतल्या निम्म्यांना मालिश दिलं आणि डोक्यावर तारा लावून मेंदूच्या लहरी नोंदल्या. मालिश झालेल्या बाळांच्या लहरी लवकर प्रौढ झाल्या. रक्तात आयजीएफ-१ हे वाढीचं संप्रेरक जास्त होतं. नजरही आधी तीक्ष्ण झाली. उंदरांच्या पिलांत त्यांनी हेच संप्रेरक औषधानं अडवून पाहिलं, तर मालिशचा परिणाम गळून पडला. म्हणजे वाट सापडली: कातडी, संप्रेरक, मेंदू. पण नजरेतला तो फरक तिसऱ्या महिन्यात होता आणि सातव्या महिन्यात उरला नव्हता. मागं राहिलेली बाळं पुढच्यांना गाठून आली. त्या शोधनिबंधाच्या शीर्षकातही मालिशनं मेंदूच्या वाढीला 'वेग' येतो असा शब्द आहे. बुद्धी वाढते असं तिथं कुणी म्हटलेलं नाही. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींत मात्र टाळूला तेल घातलं की मेंदूला पोचतं, असं बिनदिक्कत सांगतात. टाळू म्हणजे कवटीची हाडं जुळायची राहिलेली जागा. तिच्याखाली जाड पडदा आहे. तेल तिथून आत जात नाही. वर्ष-दीड वर्षात ती आपोआप भरते, तेल घातलं काय आणि न घातलं काय.

आणि निरोगी, पूर्ण दिवसांच्या, घरी सुखरूप असलेल्या बाळाचं? तिथं कॉक्रन या संस्थेचा २०१३ चा आढावा जरा कडू आहे. ३४ चाचण्या चाळून त्यांनी सांगितलं की बऱ्याचशा कच्च्या आहेत, आणि अशा बाळांना सरसकट मालिश सुचवावं इतकं बळ या पुराव्यात नाही. मला यात मालिशचा पराभव दिसत नाही. ज्या बाळाला दिवसभर कुणी ना कुणी उचलतं, कडेवर घेतं, पायावर निजवतं, त्याला स्पर्शाची तूट नसते. पेटीतल्या बाळाला असते. दुष्काळी शेताला एक पाणी दिलं की पीक उभं राहतं. कालव्याकाठच्या शेताला तेच पाणी दिलं तर फरक कुणाला दिसणार? अर्धापूरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

या विद्येचा परदेशप्रवासही सांगायला हवा. फ्रेंच प्रसूतितज्ज्ञ फ्रेडरिक लबॉये यांनी कोलकात्याच्या वस्तीत शांतला नावाची एक बाई रस्त्याच्या कडेला बाळाला चोळताना पाहिली. तिचे फोटो काढले आणि १९७६ मध्ये तिच्याच नावाचं पुस्तक केलं. अमेरिकेच्या विमला मॅक्लूर १९७३ मध्ये भारतातल्या अनाथाश्रमात काम करताना हे शिकल्या आणि पुढं त्यांनी शिशुमालिशची आंतरराष्ट्रीय संघटना काढली. आज त्या परंपरेतले वर्ग आणि प्रमाणपत्रं जगभर आहेत, पुण्या-मुंबईतही. शिकणाऱ्या आया बाहुली घेऊन बसतात.

आमच्या मावशींकडं प्रमाणपत्र नाही. त्यांची आई सुईण होती. मराठवाड्यातल्या गावांत सुईणपण बहुधा गावकुसाबाहेरच्या बायकांकडं असायचं. ज्या हातचं पाणी घरात चालायचं नाही, त्या हातात घरातलं पहिलं लेकरू पहिल्यांदा यायचं. बाळंतिणीची खोली एरवीही विटाळाची, त्यामुळं सोय होती. मोबदला म्हणजे पायली-दोन पायली ज्वारी, बाराव्या दिवशी चोळीचा खण, मुलगा झाला तर लुगडं. मुलगी झाली तर? "मुलीला काय, गूळ," मावशी हसून म्हणाल्या. त्यांच्या आईनं किती बाळंतपणं केली याचा हिशेब कुठंच नाही. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली, गाड्या आल्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली. हे चांगलंच झालं, कित्येक बाया वाचल्या. सुईणीच्या हातातून बाळंतपण गेलं आणि न्हाणं तेवढं उरलं. तेच मावशींना आईकडून मिळालं.

या बायकांच्या हातांना खरं शिक्षण दिलं तर काय होतं, हे गडचिरोलीत दिसलेलं आहे. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं गावातल्याच बायकांना आरोग्यदूत केलं, सुईणींना सोबत घेतलं, आणि ३९ गावांत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आले. 'लॅन्सेट'मध्ये १९९९ साली ते छापून आलं. आज देशभर आशा ताई नवजात बाळाच्या घरी सहा-सात फेऱ्या मारतात, त्याचं मूळ तिथं आहे.

आमच्याकडंही आशा ताई आल्या, एकविसाव्या दिवसाची फेरी. बाळाची झोळी वजनकाट्याला लटकवून वजन केलं, वहीत लिहिलं, आणि मावशींकडं वळल्या. नाकात तेल नाही ना सोडत? कानात? धुरी? काजळ? तेल नाकातून फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होतो, धुरीचा धूर बाळाला सोसत नाही, विकतच्या काजळात शिसं असू शकतं. बाळाची छाती पिळून चिकासारखं दूध काढतात तेही बंद, गळू होतं. अपुऱ्या दिवसांचं बाळ असेल तर डॉक्टरनं सांगेपर्यंत न्हाणं नाहीच, आईच्या छातीशी उघड्या अंगानं धरून ठेवायचं.

मावशी ऐकत होत्या. "नाकात सोडायचं मी कवाच सोडलं," त्या म्हणाल्या. "लेकराला उलटं धरून झुलवायचं बी सोडलं. टाळूचं मातर मला सांगू नका." आशा ताईंनी हळूच लावत असाल तर लावा म्हटलं आणि चहा घेतला. दोघी एकाच वाडीच्या निघाल्या.

राहता राहिला रात्रीचा प्रश्न. मावशींना संध्याकाळी येणं शक्य नव्हतं. दुपारनंतर त्या केळीच्या बागेत जातात, घड उतरवायला, आणि मग घरचा स्वयंपाक. म्हणजे भाचीनंच शिकायला हवं. तिला भीती वाटायची. मान लटकते, हात निसटतो. तीन सकाळी मावशींनी बाळ तिच्या नडग्यांवर दिलं आणि स्वतः शेजारी पाट टाकून बसल्या. भाचीचा हात थांबला की त्या तिच्या हातावर हात ठेवायच्या आणि दोन्ही हात मिळून बाळाच्या पोटावरून गोल फिरायचे. "तेल नगं इतकं. हात ठिव. ठिव की, पळतीस कुठं?"

चौथ्या दिवसापासून रात्री आठला खोलीच्या खिडक्या लावून, दिवा बारीक करून मालिश सुरू झालं. पाणी नाही, पीठ नाही, थोडं तेल आणि वीस मिनिटं. एका शनिवारी जावई लातूरहून आले, त्यांनाही बसवलं. त्यांचा हात पहिल्या दिवशी इतका हलका होता की बाळ रडायला लागलं. रविवारी जरा जमलं.

रात्रीच्या मालिशच्या अठराव्या दिवशी मी पुण्याला परत आले होते. पहाटे पावणेपाचला फोन वाजला, आणि कुणाचं काही बरंवाईट तर नाही ना म्हणून धडपडत उचलला. भाची होती. बाळ दहाला झोपलं, अडीचला एकदा प्यायलं, परत झोपलं, आणि आता उठून पंख्याकडं बघत बसलंय. मागं वहिनींच्या भांड्यांचा आवाज येत होता. एका बाळावरून काही ठरत नाही, असेही ते महिने घड्याळ लागण्याचेच असतात, हे सगळं मी तिला त्या वेळी सांगितलं नाही.

सकाळचं न्हाणं चालूच आहे, मावशी नऊला येतात. आता दोन वेळा तेल लागतं, म्हणून भावानं घाण्यावर करडीचा डबा आधीच सांगून ठेवला आहे.